माणशी वेग बांधायचा की लाइनला एकच आकडा द्यायचा?

राउटरवर वेग आखून देण्याचे दोन मार्ग मी वापरले आहेत. पहिला माणशी मर्यादेचा: प्रत्येक उपकरणाची सिंपल क्यू (त्या एका उपकरणापुरती वेगमर्यादा असलेली रांग) करायची आणि ‘अपलोड दोन, डाउनलोड आठ’ एमबीपीएस असं बांधून टाकायचं. दुसऱ्यात अख्ख्या लाइनला एकच आकडा द्यायचा आणि आतली वाटणी केकसारख्या शेड्युलरवर, म्हणजे कोणाचं पॅकेट कधी जाईल हे ठरवणाऱ्या प्रोग्रॅमवर, सोडायची. जागा म्हणाल तर पुण्यातल्या सदाशिव पेठेतली एका नातेवाइकाची अभ्यासिका. २०० एमबीपीएसची फायबर लाइन, स्पर्धा परीक्षा देणारी मुलं, प्रत्येकाकडे फोन आणि बऱ्याच जणांकडे लॅपटॉप. राउटर मायक्रोटिक कंपनीचा असो की ओपनडब्ल्यूआरटी ही मोफत प्रणाली टाकलेला, निवड हीच करावी लागते. मायक्रोटिकची राउटरओएस ७ ही प्रणाली आल्यापासून केक दोन्हीकडे मिळतो.

माणशी मर्यादेची एक गोष्ट मान्यच करायला हवी. ती समजावून सांगता येते. ‘तुला आठ मिळतात’ म्हटलं की वाद मिटतो. जास्त पैसे देणाऱ्याला जास्त वेग, असा धंदा असेल तर दुसरा इलाजही नाही. सीसीटीव्हीचा डीव्हीआर (रेकॉर्डर) अपलोड खाऊ नये म्हणून त्याच्यापुरती अशी एक क्यू मी आजही ठेवली आहे.

पण ते आठ दिवसभर बरोबर नसतात. पहाटे चार टाळकी असतात, लाइन मोकळी पडलेली, तरी लेक्चर उतरवून घेणारा आठवरच अडकलेला. संध्याकाळी साठ जण आले की आठ गुणिले साठ म्हणजे ४८०, आणि लाइन २०० ची. मर्यादा कोणीच ओलांडलेली नसते, तरी रांग लागते. तीही आपल्या राउटरमध्ये नाही, तर सेवा देणाऱ्याच्या उपकरणात, जिथे आपलं काही चालत नाही. प्रोग्रॅमर जिम गेटिस यांनी ज्याला बफरब्लोट असं नाव दिलं, ते हेच. पिंग (पॅकेट जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ) फुगतो, कॉल तुटक येतो, आणि आपल्या राउटरवरचे आकडे मात्र शहाण्यासारखे दिसत राहतात.

हेही मी चालवून घेतलं असतं. माझा खरा वैताग यादीचा होता. सिंपल क्यू आयपीवर चालते, म्हणून तो आयपी डीएचसीपीमध्ये (राउटरची आयपी वाटणारी सोय) मॅक पत्त्याशी, म्हणजे उपकरणाच्या वायफाय ओळख-क्रमांकाशी, जखडावा लागतो. इकडे अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) पासून फोन आपला खरा मॅक दाखवतच नाहीत. प्रत्येक वायफायसाठी स्वतः एक बनवून घेतात. फोन रीसेट झाला किंवा कोणी ती सेटिंग चाळवली, की कालचाच मुलगा आज राउटरसाठी अनोळखी. त्यात अभ्यासिकेत मुलं येत-जात असतात. निघून गेलेल्यांच्या नोंदी यादीत साचतात आणि नव्या फोनला क्यूच नसल्यामुळे तो मोकाट सुटतो. म्हणजे रीतसर नोंद केलेला आठवर आणि काल आलेला लाइन ओढतोय! दर काही दिवसांनी बसून मेलेल्या नोंदी शोधायच्या, उरलेल्यांना ‘हा फोन कुणाचा?’ विचारायचं. नेटवर्क राहिलं बाजूला, मी हजेरीपटच सांभाळत होतो.

जाणकार म्हणतील, मग पीसीक्यू लावा, म्हणजे प्रत्येक पत्त्याची रांग आपोआप करणारी मायक्रोटिकची सोय. बरोबर आहे. यादी सुटते, माणशी दर शून्य ठेवून एकूण मर्यादा दिली तर वाटणीही समान होते. फक्त एकाच माणसाचं मोठं डाउनलोड आणि त्याचाच व्हिडिओ कॉल पुन्हा एका रांगेत उभे राहतात.

केक २०१८ मध्ये लिनक्स ४.१९ बरोबर कर्नलमध्ये आला. तो आधी माणसामाणसांत वाटणी करू शकतो आणि मग प्रत्येकाच्या वाट्यातले प्रवाह वेगळे धरतो. मात्र क्यू वॅनच्या, म्हणजे बाहेरच्या इंटरनेट लाइनच्या, टोकाला असेल तर त्याला आतले पत्ते दिसावेत म्हणून नॅटचा (आतले सगळे पत्ते एका बाहेरच्या पत्त्यामागे झाकणारी सोय) पर्याय चालू करावा लागतो. नाहीतर अपलोडकडे अख्खी अभ्यासिका त्याला एकच माणूस वाटते. आकडा बिलावरचा नको, गर्दीच्या वेळी मोजलेला घ्या आणि त्याच्या नव्वद टक्क्यांपासून सुरुवात करा. एका खिडकीत पिंग चालू ठेवून हळूहळू चढवा आणि तो फुगायला लागला की थोडं मागे या. ओपनडब्ल्यूआरटीच्या एसक्यूएममध्ये (केक लावायचं पॅकेज) आकडा किलोबिटमध्ये असतो, म्हणजे १८० साठी १८००००. थेट टीसी ही लिनक्सची क्यू लावायची कमांड लिहिणार असाल तर ‘एमबिट’ लिहा. ‘एमबीपीएस’ लिहिलंत तर ती मेगाबाइट समजते.

फुकट काही नाही. स्पीडटेस्टमध्ये २०० ऐवजी १८० दिसले की मालक भुवया उंचावतो. केक प्रोसेसरही खातो; जुन्या स्वस्त राउटरवर २०० झेपेलच असं नाही, तिथे एफक्यू-कोडेल हा साधा शेड्युलर हलका पडावा. मायक्रोटिकचं फास्टट्रॅक किंवा ओपनडब्ल्यूआरटीचं फ्लो ऑफलोडिंग (पॅकेट आडवाटेने झटपट पुढे पाठवणाऱ्या सोयी) बंद करावं लागतं, नाहीतर पॅकेट क्यूला वळसा घालून निघून जातात. पण फास्टट्रॅक सिंपल क्यूलाही तसंच चुकवतं, म्हणून हा खर्च मी केकच्या नावे टाकत नाही.

तुमच्याकडे माणसं ठरलेली असतील, दहा-बारा जणांचं ऑफिस आणि फोन बाहेरच, तर माणशी मर्यादेने तुमचं बहुधा भागेल. लाइन ४जी किंवा ५जीची असेल तर मात्र केकला एकच पक्का आकडा देऊन बसू नका, कारण तिथे वेग तासागणिक बदलतो. ओपनडब्ल्यूआरटीवर त्यासाठी केक-ऑटोरेट नावाची स्क्रिप्ट मिळते, ती आधी लावून बघा.