१.२ किलोचा लॅपटॉप आणि जीएसटीचं काम, आठ महिन्यांनंतर

घेताना एकच धाकधूक होती, एवढ्याशा पातळ मशीनवर माझं काम निघेल का. मी अकाउंट्स आणि जीएसटी रिटर्नचं काम करते, डोंबिवली ते सीएसएमटी रोजचं. जुना लॅपटॉप चार्जरसकट जवळजवळ तीन किलोचा, सकाळच्या फास्ट लोकलमध्ये सॅक छातीशी धरून उभं राहायचं म्हणजे उतरेपर्यंत खांदा भरून यायचा. हा १.२ किलोचा, आता डबा आणि छत्री टाकूनही सॅक हलकी लागते.

दुकानदार म्हणाला, "मॅडम, हे मेल बघायला ठीक, कामाला गेमिंगवाला घ्या." मी ऐकलं नाही. प्रोसेसर आहे इंटेल आय५-१२३५यू. त्या यूचा अर्थ एवढाच की हा १५ वॅटवर चालणारा, गेमिंगवाल्यातले एच असलेले ४५ वॅटचे. पण थोडा वेळ जोर लावायचा असेल तर हाच ५५ वॅटपर्यंत जातो आणि आपलं रोजचं काम सगळं थोड्या थोड्या वेळाच्या जोराचंच असतं ना, फाइल उघडली, फॉर्म्युला ओढला, सेव्ह केलं, झालं.

खरी परीक्षा दर महिन्याला १४ तारखेनंतर. २बी, म्हणजे विक्रेत्यांनी दाखवलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी, आली की पर्चेस रजिस्टरशी जुळवणी, मोठ्या क्लायंटच्या ३८ हजार ओळी. व्हीलुकअपचा फॉर्म्युला खाली ओढला की एक्सेलच्या तळाशी '१२ थ्रेड्स' (म्हणजे प्रोसेसर एकाच वेळी बारा वाटांनी हिशेब करतोय) असं लिहून टक्के पळायला लागतात, जुन्यावर मी तोवर चहा करून यायचे, इथे कप उचलेपर्यंत होतं. सोबत टॅली, क्रोमचे वीसेक टॅब आणि मीटिंग चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये रॅम बघितली तर १६ पैकी ११-१२ जीबी भरलेली. म्हणजे ८ जीबीवालं घेतलं असतं तर मी रिटर्न भरायच्या २० तारखेला रडले असते, कारण रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली आहे, नंतर वाढवता येत नाही. १६ जीबीचाच घ्या, त्यासाठी हवं तर प्रोसेसर एक पायरी खालचा चालेल.

कुठे दमतो तेही सांगते. भाचीच्या साखरपुड्याचा तासाभराचा व्हिडिओ एक्सपोर्ट केला, पहिली काही मिनिटं सुसाट, मग बॉडी तापली आणि स्पीड खाली, मे महिना होता आणि घरी एसी नाही, की-बोर्डच्या वरच्या पट्टीला बोट ठेववत नव्हतं. रोज एडिटिंग करणाऱ्यांनी हा घेऊच नये.

आणि पोर्ट! दोन्ही टाइप-सी, डीएससीचा (डिजिटल सहीचा) टोकन जुन्या मोठ्या यूएसबीचा. मग मध्ये जोडणारा हब आला, पहिला स्वस्तातला लावला तर टोकन मध्येच गायब व्हायचा, तेही नेमकं साइन करताना. चांगला हब घेतला तेव्हा थांबलं.

बॅटरी माझ्या कामावर सहा-सात तास. आठ महिन्यांनी विंडोजच्या बॅटरी रिपोर्टमध्ये ५४ पैकी ५१ वॅट-अवर दाखवतेय, मला हे चांगलं वाटलं.

दुकानात गेलात की चालू मशीनवर टास्क मॅनेजर उघडायला लावा, मेमरीत फॉर्म फॅक्टरपुढे 'रो ऑफ चिप्स' दिसलं तर रॅम बहुतेक सोल्डरचीच, मग आकडा तिथेच नीट बघून घ्या.