बाळाचं पाऊल आत वळलंय: पोन्सेटी प्लास्टर की मोठं ऑपरेशन?

क्लबफूट, म्हणजे जन्मतःच आत वळलेलं पाऊल, म्हटलं की घरातले आधी ग्रहण, विळी असलं काहीतरी काढतात, ते सोडा, आईचा यात काडीचा दोष नसतो. हजारात साधारण एका बाळाला हे असतं.

पोन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला पाऊल हाताने हळूहळू बाहेर वळवून प्लास्टर घालतात, तेही गुडघा वाकवून थेट मांडीपर्यंत, कारण आखूड घातलं की बाळ पाय झाडून सटकवतं. पाच-सहा प्लास्टरं होतात, मग बहुतेक बाळांची टाचेमागची धोंडशीर (रक्ताची नव्हे, पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी दोरी) छोट्या छेदाने कापतात आणि शेवटचं प्लास्टर तीन आठवडे. शीर परत जुळते हो, घाबरू नका!

खरी कटकट पुढे आहे. मध्ये दांडीने जोडलेले बूट घालायचे, पहिले तीन महिने दिवसाचे 23 तास आणि नंतर चार-पाच वर्षांपर्यंत झोपताना. बाळ रडतं, आजी म्हणते काढ गं ते, आणि तिथेच पाऊल परत वळायला लागतं.

मोठ्या ऑपरेशनमध्ये सांध्यांभोवतीचे आखडलेले बंध कापून सैल करतात, पाऊल लगेच सरळ दिसतं, पण आत व्रण धरतात, मोठेपणी पाऊल ताठ आणि दुखरं व्हायची शक्यता जास्त. आणि वाकडेपणा त्यातही परत येऊ शकतो.

माझं मत सरळ पोन्सेटीला. ऑपरेशन फक्त प्लास्टरला दाद न देणाऱ्या पावलांसाठी. आणि परत वळलं तरी आधी पुन्हा प्लास्टरच करून बघतात.