चाच्यांचा पटखेळ, सात महिन्यांनंतर: कोर्टाचा नियम झकास, आंग्र्यांचं कार्ड चुकीचं

पेटीत घडीचा नकाशा, ११० कार्डं, सहा लाकडी जहाजं, दोन फासे आणि धातूची नाणी. नाशिकला गंगापूर रोडच्या रविवारच्या कट्ट्यावर जूनपासून डिसेंबरपर्यंत ही पेटी जवळजवळ दर आठवड्याला उघडली. खेळायला चार जण लागतात, अडीच तास जातात. पाच जण बसले की तिसऱ्या तासाला कंटाळा येतो.

खेळाचा जीव एकाच नियमात आहे: तुमच्याकडे कागद आहे की नाही. ‘लेटर ऑफ मार्क’ म्हणजे राजाने खाजगी जहाजाला दिलेला, शत्रूची जहाजं धरण्याचा परवाना. तो घेतला की फक्त शत्रूचंच जहाज धरायचं, ते बंदरात आणायचं, कोर्टाचं कार्ड उचलायचं आणि माल कायदेशीर ठरला तरच वाटणी. यात तीन डाव जातात. चाच्याला ही कटकट नाही, पण त्याचा माल अर्ध्या भावात जातो आणि सापडला तर फाशी. नवखे खेळाडू कोर्ट विसरून नाणी थेट खिशात घालतात, मग परवाना घेणं फुकटच फायद्याचं होतं आणि डाव फसतो. उपाय सोपा: धरलेला माल कोर्टाच्या चौकोनात पालथा ठेवायचा, निकालाआधी कोणी हात लावायचा नाही.

असाच परवाना घेऊन निघालेल्या कॅप्टन किडचं कार्ड सगळ्यात चांगलं जमलंय. १६९८ साली त्याने ‘क्वेदा मर्चंट’ धरलं. जहाजावर फ्रेंच पास (प्रवासाचा परवाना) होता, म्हणजे शत्रूचं जहाज, त्याच्या परवान्यात बसणारी शिकार. पण खटल्यात तो पास कोर्टापुढे आलाच नाही, आणि १७०१ मध्ये लंडनला तो फासावर गेला. पास पुढे विसाव्या शतकात लंडनच्याच सरकारी दप्तरात सापडला. खेळात पासाचं कार्ड हातातून गेलं की बचाव संपतो. नियमपुस्तिका न वाचताही हा भाग कळतो.

आता तक्रारी. इंग्रज चाचा हेन्री एव्हरीच्या कार्डावर १६९५ साल बरोबर आहे, पण नकाशावर ‘गंज-ए-सवाई’ या मुघल जहाजाची खूण मादागास्करजवळ. ते जहाज हाजींना घेऊन सुरतेला परतत होतं आणि सुरतेच्या वाटेवरच लुटलं गेलं. पेन्सिलने खूण वर सरकवा.

कान्होजी आंग्र्यांना ‘भारतीय चाचा’ म्हणून छापलंय. ते मराठी आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख. किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजाने त्यांचं दस्तक (परवाना) घ्यायचं, नाहीतर जहाज जप्त. पोर्तुगीज हेच काम ‘कार्ताझ’च्या नावाने त्याच्या कितीतरी आधीपासून करत होते, त्यांना मात्र या पेटीत ‘नौदल’ म्हटलंय! चाचा हा इंग्रज कंपनीचा शब्द, तो तसाच उचललाय. आमच्याकडे त्या कार्डावर कोरा कागद चिकटवून नवा नियम लिहिलाय: दस्तक असेल तर मोकळी वाट, नसेल तर मालाचा चौथा हिस्सा.

त्याच कार्डावर गुराबेला (आंग्र्यांच्या मोठ्या लढाऊ जहाजाला) दोन्ही बाजूंनी मारा दिलाय. गुराबेच्या मोठ्या तोफा नाळेवर (जहाजाच्या पुढच्या टोकावर), पुढे तोंड करून असत. त्यामुळे ती शत्रूच्या मागून येऊन मारा करी, आणि वारा पडला की चाळीस-पन्नास वल्ह्यांची गलबतं तिला ओढून नेत. म्हणून गुराबेला फक्त समोरचा मारा द्या, वारा नसलेल्या डावात गलबत जोडून एक घर जास्त. लढाया लगेच रंगतात.

वाटणीत कप्तानाला पाच हिस्से, हेही खोटं. चाचा बार्थोलोम्यू रॉबर्ट्सच्या जहाजावरच्या करारात कप्तान आणि क्वार्टरमास्टरला (कप्तानाखालच्या अधिकाऱ्याला) दोन-दोन, मास्टर (जहाज हाकणारा), बोसन (खलाशांचा मुकादम) व गोलंदाजाला (तोफांवरच्या अधिकाऱ्याला) दीड-दीड, बाकी अधिकाऱ्यांना सव्वा, इतरांना एक. दोन दुय्यम अधिकारी आणि ६९ खलाशी धरले तर एकूण ८० हिस्से होतात. ८०० नाण्यांत खलाशाला १०, गोलंदाजाला १५, कप्तानाला २०. हा हिशेब लावल्यावर बंडाची कार्डं निम्म्याने कमी निघतात.

सामानाचं सांगायचं तर जुलैत कार्डं फुगली, कडा सुटल्या. ६३ × ८८ मिमीची पारदर्शक पाकिटं पहिल्याच दिवशी चढवा आणि पेटीत सिलिका जेलच्या चार पुड्या टाका. चिवड्याच्या हातांपासूनही तीच पाकिटं वाचवतात. नकाशा मधल्या घडीवर फाटतो, मागून कापडी टेप लावा. नाण्यांचा मुलामा दिवाळीपर्यंत उडाला. खरं आठ रियालचं चांदीचं नाणं सुमारे २७ ग्रॅमचं, ही हातात बटणासारखी लागतात. डोलकाठ्या तर उचलतानाच निखळतात, कारण भोक काठीपेक्षा मोठं आहे. टोकाला दोरा गुंडाळून फेविकॉल लावा आणि रात्रभर सुकू द्या. सहापैकी चार जहाजं अशीच उभी आहेत.