लेन्सवरचा ‘डी’ आणि छतावर मारलेला फ्लॅश

साडेसव्वीस हजार रुपये मोजून मी एक इंग्रजी अक्षर विकत घेतलं, आणि ते अक्षर नेलपॉलिश रिमूव्हरने पुसून निघालं. झालेला प्रकार एवढाच. पण जुन्या लेन्स घेणारे माझ्यासारखे बरेच आहेत, आणि मला ज्या पद्धतीने गंडवलं ती पद्धत फार साधी आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

मी कराडला लग्नाचे फोटो काढतो. कॅमेरा निकॉनचा डी७५०, फ्लॅश एसबी-७००. २०२२ सालची तुळशीची लग्नं लागली आणि तारखा धडाधड बुक झाल्या. स्टेजपासून जरा लांब उभं राहून काढायला मोठी झूम हवी होती. नवी ७०-२०० एफ २.८ (७० ते २०० मिलिमीटरची झूम, कमी उजेडातही चालणारी) घ्यायची तर तेव्हा दीड-दोन लाखांच्या घरात जात होती, आपल्या आवाक्यातली नव्हती. मग जुनी ८०-२०० एफ २.८ शोधायला लागलो. पुढे-मागे सरकवून झूम होते ती, ढकलझूम म्हणतात आमच्यात. वजन सव्वा किलोच्या आसपास, लोखंडी खलबत्त्यासारखी, पण काच सुरेख.

इथे एक मेख आहे. ही ढकलझूम दोन प्रकारांत निघाली. आधीची साधी एएफ, म्हणजे ऑटोफोकस, आणि नंतरची एएफ-डी. दोन्ही शेजारी ठेवल्या तर भल्याभल्यांना ओळखू येत नाहीत. फरक नावाच्या ओळीत शेवटी लिहिलेल्या ‘डी’चा. डी म्हणजे डिस्टन्स, अंतर. लेन्सचा फोकस किती अंतरावर बसलाय हे डी लेन्स कॅमेऱ्याला कळवते, साधी कळवत नाही. निकॉनने ऑटोफोकस चांगला रुळवला तो १९८६ च्या एफ-५०१ पासून, आणि हे अंतर सांगणं सुरू झालं १९९२ साली, एफ९० बरोबर. त्यामुळे मधल्या सहा वर्षांतल्या कितीतरी उत्तम लेन्स डी नसलेल्या आहेत. त्या वाईट मुळीच नाहीत. फक्त त्यांची किंमत कमी असते, आणि त्या कमी किमतीतच घ्याव्यात.

जाहिरात बघून मुंबईला फोन केला. माणूस गोड बोलणारा. “दादा, डीच आहे, साधी मी ठेवतच नाही. लग्नवाल्यांना फ्लॅशला डीच लागते, मला काय माहीत नाही का?” हे तो फोनवर बोलला, लिहून काहीच दिलं नाही. तेव्हा ते लक्षातही आलं नाही.

रात्रीची महालक्ष्मी पकडली, सकाळी सीएसएमटीला उतरलो. फोर्टातला बोरा बाजार कॅमेऱ्यासाठी प्रसिद्ध, तिथल्या दोन-तीन दुकानांतून मी वर्षानुवर्षं माल घेतोय, कधी तक्रार नाही. हा माणूस त्या बाजारातला नव्हता. जरा लांब एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर त्याचा गाळा. बुटकी खोली, पांढरं फॉल्स सीलिंग, डोक्याच्या वर जेमतेम तीन फुटांवर. या सीलिंगचं महत्त्व मला पुढे पंधरा दिवसांनी कळलं.

लेन्स हातात घेतली. काच स्वच्छ, बुरशी नाही, पाती कोरडी, मागचे सोनेरी संपर्कबिंदू चकचकीत. नावाच्या ओळीत शेवटी डी. माझ्या कॅमेऱ्याला लावली, फोकस बसला. मी फ्लॅश लावला तसा त्याने हात पुढे करून फ्लॅशचं डोकं वर, छताकडे वळवलं. “थेट नका मारू दादा, चेहरा चमकतो. असा मारा, बघा कसा मऊ उजेड पडतो.” खरंच मऊ पडला. त्याच्या पोऱ्याचे आठ-दहा फोटो काढले, एकूण एक झकास. मी खूश. दोन हजार सोडवून घेतले, तेही त्याने फार घासाघीस न करता सोडले. पैसे रोख दिले. कच्ची पावती मिळाली : ‘निकॉन ८०-२०० लेन्स, वापरलेली, १ नग. टेस्ट करून दिली. परतावा नाही.’ पावतीवर डी नाही, लेन्सवरचा नंबर नाही. गाडीची वेळ होत होती, मी घडी घालून खिशात टाकली.

पहिलं लग्न मंगल कार्यालयात होतं, तिथे सगळं नीट झालं. अक्षता, सप्तपदी, सगळं छतावर फ्लॅश मारून काढलं. दुसरं लग्न लॉनवर, संध्याकाळचं रिसेप्शन. वर मोकळं आभाळ. फ्लॅश परतवायला छतच नाही, तेव्हा थेट मारणं भाग होतं. स्टेजच्या मागे आरशांच्या तुकड्यांची सजावट, नवरदेव काळ्या सुटात, नवरी जरीच्या शालूत. फ्लॅशची परीक्षा घ्यायला म्हणून कुणी मांडलं असतं तर यापेक्षा वाईट मांडता आलं नसतं.

पहिल्या फोटोत दोघांचे चेहरे काळवंडलेले. पुढच्या फोटोत मुलाचे मामा काळा सूट घालून निम्मी फ्रेम व्यापून उभे राहिले, तर नवरीचा चेहरा चुन्यासारखा पांढरा. नथीचे मोती आणि गाल एकच झाले होते, नथ कुठे संपते आणि गाल कुठे सुरू होतो ते दिसेना. मी फ्लॅशचे सेल बदलले. हॉटशू, म्हणजे कॅमेऱ्यावर फ्लॅश बसतो ती खाच, रुमालाने पुसला. फ्लॅशची भरपाई एक स्टॉप (म्हणजे उजेड दुप्पट) वाढवली तर पुढचा फोटो उडाला, कमी केली तर त्यापुढचा बुडाला. स्टेजखाली भेटवस्तू घेऊन माणसांची रांग, आणि मी दर फोटोला स्क्रीन बघतोय. शेवटी ऑटोचा नाद सोडला, फ्लॅश मॅन्युअलवर, पूर्ण ताकदीच्या एक अष्टमांशला ठेवला, सहा मीटरवर पाय रोवले आणि तिथून हललो नाही. तिथून पुढचं रिसेप्शन वाचलं. त्याआधीचे साठ-सत्तर फोटो मात्र गेले, आणि त्यांतच मुलीच्या आजीचा होता. आजी फोटो काढून लगेच घरी गेल्या होत्या. मुलीच्या वडिलांनी हिशेबातले आठ हजार कापले. मी काही बोललो नाही, बोलण्यासारखं नव्हतंच.

मला वाटलं फ्लॅश बिघडला. तो घेऊन आमच्या अण्णांकडे गेलो. अण्णा माझ्या वडिलांचे मित्र, रोलच्या जमान्यातले फोटोग्राफर, आता स्टुडिओ मुलगा बघतो. त्यांनी फ्लॅशकडे बघितलंही नाही. फोटो पाहिले आणि म्हणाले, “उजेड लेन्सला कळंना झालाय. लेन्स आण बघू.”

लेन्स खिडकीशी नेऊन त्यांनी तिरपी धरली. मग मला बोलावलं. नावाची बाकीची सगळी अक्षरं तीस वर्षांत पिवळट पडलेली, जुन्या दातांसारखी. शेवटचा डी मात्र पांढराशुभ्र, आणि आधीच्या आकड्यापासून केसभर खाली सरकलेला. अण्णांनी सुनेकडून नेलपॉलिश रिमूव्हर मागवला, कापसाचा बोळा बुडवला आणि डीवर दोनदा फिरवला. बोळ्यावर पांढरा डाग आला. लेन्सवर काहीच राहिलं नाही. शेजारच्या २.८ वरही फिरवून पाहिला, तो जागचा हलला नाही.

मग त्यांनी त्यांची स्वतःची डी लेन्स काढली. त्यांच्या नातीला काळा ब्लेझर घालून कपाटाच्या आरशापुढे उभं केलं आणि दोन्ही लेन्सनी थेट फ्लॅशचे फोटो काढायला लावले. डी लेन्सचे फोटो एकसारखे आले, माझ्या लेन्सचे पुन्हा वर-खाली. अगदी समोरून आरशात फ्लॅश दिसला तेव्हा डी लेन्सनेही हात टेकले, हेही सांगतो. डी म्हणजे जादू नव्हे.

आतलं गणित असं आहे. फोटो निघायच्या आधी फ्लॅश बारीक बारीक झगमगतो, आपल्या डोळ्याला तो वेगळा कळतही नाही. परत आलेला उजेड कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा वेगळा सेन्सर मोजतो (डी७५० मध्ये तो ९१ हजार पिक्सेलचा आहे) आणि मग खरा फ्लॅश किती सोडायचा ते ठरतं. आरशातून उजेड जास्त परत आला तर कॅमेऱ्याला वाटतं भरपूर झाला, तो हात आखडता घेतो. काळ्या सुटाने उजेड गिळला तर तो वारेमाप सोडतो. अशा वेळी माणूस किती लांब आहे हे माहीत असेल तर ताळा करता येतो. जुने लोक हेच तोंडी करायचे : गाइड नंबरला, म्हणजे फ्लॅशच्या ताकदीच्या आकड्याला, अंतराने भागा, ॲपर्चर (लेन्सचं भोक किती उघडायचं तो आकडा) मिळालं. गाइड नंबर २८ आणि माणूस ५ मीटरवर, तर आयएसओ १०० ला एफ ५.६. माणसाने काळं घातलंय की पांढरं, याच्याशी या भागाकाराचा संबंध नाही. डी लेन्स हे अंतर कॅमेऱ्याला देते. कॅमेऱ्याच्या पुस्तिकेतही छापलंय की जी, ई (या डीनंतरच्या लेन्स) किंवा डी लेन्स असेल तरच फ्लॅशच्या हिशेबात अंतर धरलं जातं. ते पान मी आठ वर्षांत एकदाही वाचलं नव्हतं.

आता सीलिंग. फ्लॅश छताकडे वळवला की उजेड वर जाऊन खाली येतो. माणसाचं अंतर आणि उजेडाने कापलेलं अंतर यांचा मेळ राहत नाही, म्हणून कॅमेरा अंतराची माहिती बाजूला ठेवतो. म्हणजे छतावर मारलेल्या फ्लॅशला डी आणि बिनडी लेन्स एकाच पंगतीत. त्या माणसाने माझ्या फ्लॅशचं डोकं वर केलं ते चेहरा चमकू नये म्हणून नव्हे. दोन्हींतला फरक ज्या एका चाचणीत दिसत नाही, नेमकी तीच त्याने माझ्याकडून करवून घेतली, आणि वर मीच त्याला थँक्यू म्हणालो.

फोन केला. पहिल्यांदा “दादा” होता, दुसऱ्या वाक्याला “ओ मिस्टर” झाला. “डी आहे असं मी कुठे लिहून दिलंय? पावती वाचा.” जाहिरात तोवर काढून टाकलेली. मी तिचा स्क्रीनशॉटही घेतला नव्हता. तुम्हीच डी पुसला नाही कशावरून, हेही त्याने ऐकवलं, आणि त्याला उत्तर माझ्याकडे नव्हतं. बोळा फिरवण्याआधी एक फोटो काढायचं दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. दोघंही फोटोग्राफर.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन लावला. मला भीती होती की धंद्यासाठी घेतलेली वस्तू म्हणून ग्राहकच धरणार नाहीत. पण २०१९ च्या कायद्यात स्वतःच्या पोटासाठी स्वतः धंदा करणाऱ्याला त्यातून सूट आहे. अडचण कायद्याची नव्हतीच, कागदाची होती. रोख पैसे, कच्ची पावती आणि त्यावर फक्त ‘८०-२०० लेन्स’. आणि ८०-२०० लेन्स तर मला मिळाली होतीच.

आता मी जुनी लेन्स घ्यायला जातो तेव्हा माझ्या कॅमेऱ्यावर थेट फ्लॅश मारतो, एकदा काळ्या बॅगेवर, एकदा पांढऱ्या भिंतीपुढे उभ्या माणसावर, आणि दुकानदार काहीही म्हणाला तरी फ्लॅशचं डोकं सरळ ठेवतो. मीटरिंग, म्हणजे उजेड मोजण्याची पद्धत, मॅट्रिक्सवर (सगळी फ्रेम मोजणारी) ठेवतो, कारण स्पॉटवर (एकच ठिपका मोजणारी) नेलं की फ्लॅश साध्या टीटीएलवर, नुसत्या परत आलेल्या उजेडाच्या हिशेबावर, जातो आणि चाचणी फुकट जाते. पण खरी खात्री फोटोच्या पोटातल्या माहितीत होते. एक्झिफटूल नावाचा फुकट प्रोग्राम आहे. त्यात निकॉनच्या फोटोला लेन्सचा प्रकार दिसतो, आणि डी असेल तर तिथे डी येतो. लेन्सवर रंगवता येतं, फाइलमध्ये रंगवता येत नाही. लॅपटॉप नेणं जमत नसेल तर फोटो घरी मित्राला पाठवून तो उघडून सांगेपर्यंत खाली चहा प्यावा. पैसे यूपीआयने द्यावेत आणि पावतीवर लेन्सचं पूर्ण नाव, डीसकट, नंबरासकट लिहून घ्यावं. लिहायला जो कां-कूं करतो, त्याच्याकडून घेऊच नये.

कॅननवाल्यांनी हसू नये. त्यांच्याकडे २००४ पासून ई-टीटीएल टू नावाचं फ्लॅशचं गणित आहे, तेही लेन्सकडून अंतर घेतं, पण कॅननच्या सगळ्याच ईएफ (ऑटोफोकस) लेन्स ते देत नाहीत, आणि त्यांच्या लेन्सवर तसं सांगणारं अक्षरच नाही. आणि निकॉनचे डी३००० किंवा डी५००० मालिकेतले कॅमेरे असतील तर अस्सल एएफ-डी घेऊनही ऑटोफोकस चालणार नाही, कारण त्या बॉडीत लेन्सचा फोकस फिरवणारी मोटरच नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका पोराला ‘सगळ्या निकॉनला चालते’ म्हणून अशी एक लेन्स गळ्यात मारलीय.

माझी ८०-२०० वर्षभर पडून होती. दिवसाउजेडी ती अजूनही सुंदर चालते, म्हणून कुणाच्या तरी उपयोगी पडेल असं वाटून मी ती विकायला काढली. जाहिरातीत स्पष्ट लिहिलं, ‘डी नाही, आधी खोटा रंगवलेला होता, पुसला आहे,’ आणि किंमत चौदा हजार टाकली. पहिला फोन आला तो एका अनोळखी व्यापाऱ्याचा. त्याने काच विचारली नाही, बुरशी विचारली नाही. म्हणाला, “पुसलात कशाला, दादा? असता तर पाच हजार जास्त दिले असते.”