जोडीत चर्चा की हातातली पाटी?

एका नव्या शिक्षिकेची अडचण: प्रश्न टाकला की तेच चार हात वर येतात, बाकीचा वर्ग खिडकीबाहेर. मग मुलांना जोडीत बोलू द्यावं, की प्रत्येकाला पाटीवर उत्तर लिहायला लावावं?

खर्चाचं फारसं काही नाही. चर्चेला काहीच लागत नाही. पाटी नसेल तर जुन्या वहीची कोरी पानंही चालतात.

वेळेत मात्र पाटी पुढे. अर्ध्या मिनिटात सगळ्या पाट्या वर, आणि कोण कुठे अडकलंय ते एका नजरेत दिसतं. जोडीचर्चेत वर्गभर फिरून कान द्यावा लागतो. तरी एकजण बोलतो आणि दुसरा नुसती मान डोलावतो. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये जोडीचर्चेची ही पद्धत मांडली, तेव्हा पहिली पायरी एकट्याने विचार करण्याची होती. घाईत आपण नेमकी तीच गाळतो (माझीही ही खोड आहे). पण ‘असं का?’चं उत्तर पाटीवर मावत नाही. शिवाय बुजरं मूल सगळ्यांसमोर तोंड उघडण्याआधी शेजाऱ्यापाशी बोलून बघतं.

गणितातली पायरी, व्याकरण, व्याख्या तपासायची असेल तर पाटी घ्या. कारणं, मतं, गोष्टीतल्या पात्राचं वागणं असेल तर जोडी. आधी मिनिटभर शांतता ठेवून.