बोजाऱ्याचे पैसे: बाजारात, गल्ल्यात की पोस्टात?

तान्हा पोळा झाला की विदर्भात लहान पोरांच्या हाती रोख पैसा येतो. लाकडी नंदी घेऊन घरोघरी हिंडायचं. कोणी दहा देतो, कोणी वीस, मामा गावातच असला तर पन्नासाची नोट. हाच बोजारा. पाच ते नऊ वर्षांच्या पोराला व्यवहार शिकवायचा असेल तर या बोजाऱ्यासारखं भांडवल नाही. प्रश्न एवढाच, की तो ठेवायचा कुठे.

टंचाई म्हणजे काय हे कापूसवाल्याच्या घरात पोराला वेगळं शिकवावं लागत नाही. पोळ्याच्या सुमारास घरात पैसा नसतो, पहिली वेचणी विकली की कपडे येतात, हे तो पाहतच असतो. त्याला मिळत नाही ती निवड. काय घ्यायचं ते मोठेच ठरवतात. म्हणून मी तिन्ही वाटा एकाच गोष्टीवर तोलतो: पोराने स्वतः ठरवलं का, आणि एक घेताना दुसरं सोडावं लागलं का?

यात आठवडी बाजार सगळ्यांच्या पुढे. वीस रुपये हातात, समोर गोडीशेवेचा ढीग, बाजूला प्लास्टिकच्या भिंगऱ्या.

"बाबा, मले दोनीबी पायजे."

"वीसच हायेत बाबू. कोणतं घेतं ते पाय."

यानंतर बापाने गप्प राहायचं, खरी मेहनत तीच. पोरगा शेवेकडे बघतो, भिंगरी फिरवून पाहतो, पुन्हा शेवेकडे येतो. शेवटी भिंगरी घेतो आणि ऑटोत बसेपर्यंत तिचं पातं तुटतं. आता रडारड होणार. तेव्हा "चाल, शेवबी घेऊन देतो" म्हटलं की सगळं पाण्यात. बहुतेक घरांत बाप तग धरतो, पण आजी पदराच्या गाठीतून दहाची नोट काढते. तिला आधीच सांगून ठेवावं.

गल्ला वाट पाहायला शिकवतो. त्यातही मातीचा बरा, फोडल्याशिवाय पैसे निघत नाहीत. पण कशासाठी साठवतो ते पोराने ठरवलेलं हवं, आणि ती गोष्ट दोन-तीन महिन्यांत येणारी हवी. सहा वर्षांच्या पोराला "तुझ्या शिक्षणासाठी" म्हणणं म्हणजे काहीच न म्हणणं.

गल्ल्याचा खरा शत्रू जून महिना. बियाण्याला पैसे कमी पडतात आणि गल्ला फुटतो. अडचण खरी असते, दोष कोणाचा नाही. पण पोराचा हिशेब बदलतो. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठाचा 2013 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना आधी चांगले रंग आणून देतो म्हणून सांगितलं. काहींना ते दिले, काहींना नाही. मग एक मिठाई पुढे ठेवली: थांबलास तर दुसरीही मिळेल. ज्यांना दिलेला शब्द पाळला होता ती मुलं सरासरी 12 मिनिटं थांबली, बाकीची 3. ज्याचा गल्ला एकदा न विचारता फुटला, त्याने पुढे साठवावं तरी कशाला? पैसे घ्यावेच लागले तर त्याला विचारून उसने घ्यावेत आणि कापूस विकल्याबरोबर पहिले तेच फेडावेत.

पोस्टाचं बचत खातं पैशासाठी सुरक्षित, या वयाच्या शिकवणीसाठी कमजोर. किमान 500 रुपये लागतात, दहा वर्षांखालच्या मुलाचं खातं पालकच चालवतात. पासबुकातला आकडा लहान पोराला दिसतो, कळत नाही. दहा वर्षं पूर्ण झाली की खातं स्वतःच्या नावाने चालवता येतं. तेव्हा जरूर काढावं.

शाळेतला आनंद मेळावा हा चौथा पर्याय कोणी सुचवेल. मजा येते, सुटे पैसे मोजता येतात. फक्त आईने दिलेल्या तेलाचे आणि पोह्यांचे पैसे विक्रीच्या पैशांतून वजा करायला लावा, नाहीतर सगळी विक्री पोरांना नफाच वाटते.

माझं मत विचाराल तर सातपर्यंत बाजार, पुढे बाजारासोबत गल्ला, दहानंतर पोस्ट. बोजाऱ्याची वाटणीही पोरालाच करू द्या. सगळे एकाच बाजारात उडवतो म्हणाला तर उडवू द्या. मात्र पुढच्या तीन बाजारांना त्याच्या हातावर काही ठेवायचं नाही, हे निघण्याआधीच सांगा.