ड्युरियन मुंबईत आणायचे तर: ताजे थाई, गोठवलेले मलेशियन की निलगिरीचे?

रॅम्बुटान आणि मँगोस्टीन विकून हात बसलेले वाशीचे किंवा क्रॉफर्ड मार्केटचे व्यापारी एप्रिल उजाडला की एकच गोष्ट विचारतात: यंदा ड्युरियन, म्हणजे आग्नेय आशियातले ते काटेरी, उग्र वासाचे फळ, मागवावे का, आणि मागवायचे तर कुठले? विचारणाऱ्याने भावाची चौकशी बहुधा आधीच केलेली असते. माझ्या मते भावाचा विचार तिसरा आहे. फळ झाडावरून कसे उतरते हे आधी पाहावे, ते उतरल्यापासून पिकेपर्यंत हातात किती दिवस राहतात हे त्यानंतर पाहावे, आणि त्या दिवसांत मुंबईतली कागदपत्रे बसत असतील तरच भाव विचारावा.

थायलंडचे ड्युरियन झाडावरून कापून उतरवतात. आपल्याकडे हापूस पाडाला आला की देठासकट उतरवून आढीत पिकवतात, तसाच हा प्रकार आहे. निर्यातीत मुख्यतः चालणारी मोनथाँग ही जात फुलोऱ्यानंतर साधारण ११० ते १२० दिवसांनी तयार होते. कापणारा माणूस फळावर काठीने टिचकी मारून आवाज ऐकतो, देठ आणि काट्यांची टोके पाहतो, आणि मोनथाँगच्या गरात किमान ३२ टक्के शुष्क अंश (पाणी वजा जाता उरणारा भाग) असावा हा तिथला दंडक आहे. असे फळ उबदार हवेत तीन ते सहा दिवसांत पिकते आणि सुमारे १३ ते १५ अंश सेल्सियसला ठेवल्यास आणखी थांबते. त्याहून फार गार केले तर मात्र साल काळी पडते आणि गर पिकायचे नाव घेत नाही. शीतगृहात सफरचंदांशेजारी ठेवून ड्युरियन वाया घालवणारे कमी नाहीत.

मलेशियात चाल उलटी आहे. मुसांग किंग, म्हणजे नोंदणीतली डी १९७ जात, पूर्ण पिकून आपोआप गळते. बागेत झाडांखाली जाळी बांधून फळ झेलतात, आणि गळल्यापासून दोन-तीन दिवसांत ते खावेच लागते. पहांग राज्यातल्या रौबचे फळ त्याच्या कडवट-गोड, लोण्यासारख्या गरासाठी नावाजलेले आहे. चवीचाच निकाल लावायचा असता तर मी डोळे मिटून याच बाजूने कौल दिला असता. मोनथाँगचा गर जाड, गोड आणि वासाने सौम्य. कापा आणि बरका फणस यांतली आवड जशी घरोघरी वेगळी, तसाच हा वाद आहे. पण व्यापाऱ्याला खाणाऱ्याच्या जिभेआधी घड्याळाकडे पाहावे लागते. चीनचेच उदाहरण घ्यावे. मलेशियाचा गोठवलेला गर त्या देशात २०११ पासून जाऊ लागला, गोठवलेले अख्खे फळ २०१९ पासून, आणि ताज्या अख्ख्या फळाला दार उघडले ते २०२४ मध्ये. जगातल्या सर्वांत मोठ्या ग्राहकाला माल देतानाही मलेशियाला तेरा वर्षे गोठवण्यावर भागवावे लागले.

आता मुंबईची बाजू. ताज्या फळाची आयात २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाखाली येते आणि तो देशनिहाय, पिकनिहाय चालतो. म्हणजे ‘ड्युरियन चालते’ असे सरसकट उत्तर नसते. अमुक देशाचे अमुक फळ त्या आदेशाच्या अनुसूचीत, म्हणजे जोडलेल्या यादीत, आहे का आणि त्यापुढे कोणत्या अटी लिहिल्या आहेत, हे वाचावे लागते. देश आणि फळाची जोडी तिथे नसेल तर आधी किडींच्या धोक्याचे शास्त्रीय मूल्यांकन होते, आणि त्याला एक हंगाम पुरत नाही. जोडी असेल तर माल निघण्यापूर्वी आयात परवाना आयातदाराच्या स्वतःच्या नावावर हवा. मित्राच्या परवान्यावर माल सोडवता येत नाही. निर्यातदार देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र, ज्याला बाजारात सगळे नुसते ‘फायटो’ म्हणतात, मालासोबत यायला हवे आणि आपल्या अनुसूचीने मागितलेली अतिरिक्त घोषणा (माल अमुक किडींपासून मुक्त आहे अशा आशयाचा मजकूर) त्यावर शब्दशः असायला हवी. पिठ्या ढेकूण आणि बी पोखरणारी अळी ही या फळाची ठळक दुखणी आहेत. पिठ्या ढेकूण काट्यांच्या बेचक्यात आणि देठाच्या खोबणीत दडून बसतो, म्हणून पॅकिंगच्या जागी हवेच्या झोताने फळ साफ केले का, हे विचारून घ्यावे. लाकडी पॅलेट असेल तर त्यावर आयएसपीएम-१५ चा, म्हणजे लाकूड कीडमुक्त केल्याचा आंतरराष्ट्रीय, शिक्का पाहावा. त्याखेरीज आयात-निर्यात कोड, अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा आयातदार परवाना, बिल ऑफ एंट्री (सीमाशुल्काकडे भरायचे आयातपत्र) आणि नमुना तपासणी ही नेहमीची वाट आहेच.

शुल्काबाबत एकच गोष्ट सांगतो. भारत आणि थायलंड यांच्यात २००४ पासून ८२ वस्तूंची शुल्क-सवलत योजना आहे, शिवाय आसियानशी करार आहे. पण सीमाशुल्काच्या २०२० च्या नियमांनुसार मालाच्या उगमाची, म्हणजे तो मूळचा कोणत्या देशाचा याची, माहिती आयातदाराने स्वतःजवळ ठेवायची असते. केवळ उगम प्रमाणपत्राची प्रत पुढे करून मोकळे होता येत नाही.

हे सगळे कागदावर दोन दिवसांचे काम दिसते. एका मोसमात माझ्या ओळखीच्या एका आयातदाराचा माल शुक्रवारी संध्याकाळी सहार विमानतळावर उतरला आणि फायटोवरच्या घोषणेत एक ओळ कमी असल्याने सोमवारपर्यंत अडकला. सोमवारी दुपारी खोके उघडले तेव्हा वरच्या थरातल्या दोन फळांच्या साली शिवणीवर बोटभर उकलल्या होत्या, देठ करकोचून काळे झाले होते आणि गोदामातला हमाल नाकाला रुमाल लावून उभा होता. खालची फळे मात्र नीट निघाली आणि दोन दिवसांत खपलीही. हे मोनथाँग होते म्हणून. गळलेले मुसांग किंग असते तर खोके उघडण्याची गरजच पडली नसती.

समुद्रमार्गाचा मोह सुरुवातीला कोणी धरू नये. चाळीस फुटी रीफर (शीत) कंटेनरमध्ये सतरा-अठरा टन ड्युरियन मावते, न्हावा-शेव्यापर्यंत दहा-पंधरा दिवस जातात, आणि तेवढे फळ मुंबई आठवड्यात खाईल असे मला तरी वाटत नाही. चीनची गोष्ट निराळी आहे. त्या देशाने २०२४ मध्ये साडेपंधरा लाख टन ताजे ड्युरियन विकत घेतले आणि त्यासाठी सुमारे ७ अब्ज डॉलर मोजले. त्यामुळे चंथाबुरीचा, म्हणजे थायलंडमधल्या ड्युरियनच्या मुख्य प्रांताचा, भाव तोच देश ठरवतो, आपली मागणी तिथे कुणाच्या खिजगणतीत नसते. मात्र त्या देशाच्या कडकपणाचा आपल्यालाही फायदा करून घेता येतो. सालीला पिवळेपणा आणणारा ‘बेसिक यलो २’ हा घातक रंग सापडल्यावर जानेवारी २०२५ पासून चीनने त्याच्या आणि कॅडमियम या विषारी धातूच्या चाचणीचा अहवाल मागायला सुरुवात केली. पुरवठादाराकडे हे अहवाल तयार असतात. आपण ते मागावेत, नाही म्हणाला तर दुसरा शोधावा.

गोठवलेल्या गराचे गणित सरळ आहे. त्याला उणे १८ अंशांची अखंड साखळी हवी, पण शनिवार-रविवारची धास्ती नाही. ताज्या फळात साल आणि आठळ्या वजा जाता हाती येणारा गर वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो; गोठवलेल्या मालात दिलेला प्रत्येक रुपया गराचाच असतो. आयात-मंजुरीच्या वेळी पाकिटाच्या आयुष्यापैकी ६० टक्के शिल्लक असावे किंवा मुदत संपायला तीन महिने असावेत, यांतले जे कमी ते पाळावे लागते, म्हणून उत्पादनाची तारीख आधी विचारावी. ताज्या फळावर नसलेला जीएसटी यावर लागतो. आइस्क्रीम आणि केकवाल्यांना हाच माल सोयीचा. क्रॉफर्ड मार्केटमध्ये काटेरी फळ पाहून थबकणाऱ्या गिऱ्हाइकाला मात्र पाकीट दाखवून उपयोग नाही.

तमिळनाडूच्या निलगिरीतल्या बर्लियार आणि कल्लार परिसरातले फळ या तिघांत सर्वांत सोपे, कारण त्याला सीमा ओलांडायची नसते. पण झाडे थोडी, हंगाम पावसाळ्याच्या उत्तरार्धातला, आणि अपत्यप्राप्तीसाठी ते खाण्याची श्रद्धा असल्याने बरेचसे फळ आसपासच उचलले जाते. मिळाले तर घ्यावे, त्याच्या भरवशावर गाळा मांडू नये.

ज्याला दुकानात अख्खे फळ मांडायचे आहे त्याने पहिल्या मोसमात थाई मोनथाँगची वीस-पंचवीस खोकी विमानाने मागवावीत, विमान सोमवार ते बुधवारमध्येच उतरेल असे पाहावे, आणि फायटोचा मसुदा माल निघण्याआधी मोबाइलवर मागवून अनुसूचीशी ओळ न् ओळ ताडून घ्यावा. ज्याचे गिऱ्हाईक हॉटेल आणि बेकरी आहे, त्याने मलेशियन गर घ्यावा. ताज्या मुसांग किंगची ऑर्डर मी स्वतः आज तरी देणार नाही.